एररचा शेवटचा शब्द

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. यवतमाळच्या ज्या बियाणे संघात मी इतकी वर्षं संगणक सांभाळतो, तिथल्या मुख्य यंत्राला मी एका जिवंत माणसाचं नाव दिलं होतं. चोरून. आणि त्या नावापायी बोरी अरबच्या केंद्रावरची एक चांगली हुशार बाई अडाणी ठरली. ठरवली कोणी? मीच. लेखी, सही-शिक्क्यासकट.

गुन्हा म्हणून पाहिलं तर हे इतकं हास्यास्पद आहे की ठाण्यात गेलो तर हवालदार आधी मला बसवून चहा देईल आणि मग घरच्यांना फोन करेल. म्हणूनच बहुधा इतकी वर्षं पोटात राहिलं. मोठं पाप असतं तर कधीच ओकून मोकळा झालो असतो.

तर ते नाव आमच्या जुन्या मॅनेजरसाहेबांचं. तेहतीस वर्षं त्यांनी संघ चालवला. नियम एकच: "आधी मले भेट, मंग काम." शाईची बाटली पाहिजे? आधी मले भेट. गोदामाला आग लागली? आधी मले भेट. आग खरंच लागली होती एकदा, आणि चौकीदार खरंच आधी त्यांना भेटायला गेला होता. मला नोकरीवर त्यांनीच घेतलं. संगणकाचा कोर्स अर्धवट सोडलेला माणूस मी, माझ्या कागदांकडे न बघता ते म्हणाले, "चेहऱ्यावरून गरीब दिसते, ठेवून घ्या." मी त्यांना घाबरत होतो, त्यांच्यावर चिडत होतो आणि त्यांचे उपकारही मानत होतो. हे तिन्ही एकाच वेळी करता येतं. सरकारी किंवा निमसरकारी नोकरी केलेल्याला सांगायला नको.

ते निवृत्त होऊन बोरी अरबला आपल्या घरी गेले, त्याच पंधरवड्यात संघात नवा सर्व्हर आला. तोवर प्रत्येक केंद्रावर बियाण्याच्या नोंदी वहीत व्हायच्या. कोणत्या शेतकऱ्याचं सोयाबीन, किती पोती, ओलावा किती, उगवण किती, सगळं वहीत. आणि वह्या जीपने यवतमाळला यायच्या. आता केंद्रावरच्या संगणकात जावाचा एक प्रोग्राम बसवायचा, त्याने यवतमाळच्या सर्व्हरशी बोलायचं आणि नोंद थेट इकडे. नागपूरहून इंजिनीअर आला. जुन्या नमुना-खोलीत, जिथे बियाण्याला लावायच्या औषधाची लाल भुकटी अजून भिंतींना होती, तिथे त्याने सर्व्हर मांडला आणि विचारलं, "मशीनचं नाव काय ठेवायचं?"

मला काही सुचेना. मी म्हटलं, "याचं काम काय असतं?"

तो म्हणाला, "काही नाही, सगळ्यांनी आधी याला भेटायचं. मग पुढचं काम."

माझ्या तोंडून नाव निघून गेलं. इंजिनीअरला काय माहीत कोण ते. त्याने टाइप केलं. इंग्रजी लहान अक्षरांत, नुसतं पहिलं नाव. पुढे राव नाही, साहेब नाही, आडनाव नाही. ज्या माणसाचं नाव तेहतीस वर्षांत कोणी एकेरी घेतलं नव्हतं, ते मी नमुना-खोलीत कोंबून ठेवलं. मला आतून असं काही गोड वाटलं की त्या दिवशी मी दोन कचोऱ्या खाल्ल्या.

इंजिनीअरने बाभुळगाव आणि केळापूरची केंद्रं स्वतः जाऊन जोडली. बोरी अरब राहिलं तेवढ्यात पोळा आला. तो पोळ्याला म्हणून नागपूरला गेला तो गेलाच. जाताना मला म्हणाला, "सोपं आहे. फोल्डर कॉपी करा, सर्व्हरचा पत्ता म्हणून जो आकडा आहे तो टाका, झालं."

आता संचालक मंडळाचा ठराव असा होता, आणि हा नीट लक्षात ठेवा कारण सगळं यावरच अडलं: ज्या ऑपरेटरचं केंद्र दसऱ्याआधी सर्व्हरला जोडलं जाईल, त्याला नोकरीत कायम करायचं. ज्याचं जोडलं जाणार नाही, त्याचा विचार पुढच्या भरतीत. पुढची भरती कधी, ते देवाला ठाऊक. बाभुळगाव आणि केळापूरचे दोघं जवळजवळ कायम झालेच होते. बोरी अरबची ऑपरेटर कंत्राटावर होती, आणि ती जुन्या मॅनेजरसाहेबांची सून होती. यातलं दुसरं मला तेव्हाही माहीत होतं. पण दोन गोष्टी माहीत असणं आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून बघणं यात फरक असतो. तो फरक मला फार महागात पडला. म्हणजे मला नाही, तिला.

मी बोरी अरबला स्वतः गेलो नाही. याचंही खरं कारण आता सांगून टाकतो: मला एसटीत उलटी होते. शहाण्यासुरत्या वयाच्या माणसाने हे ऑफिसात सांगायचं कसं? म्हणून मी "फोनवरून साहाय्य" असं धोरण काढलं. फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून जीपवाल्याच्या हाती धाडलं. ताईने (बोरी अरबच्या ऑपरेटरला आम्ही सगळेच ताई म्हणायचो) ते बसवलं, जावा बसवला, सर्व्हरचा आकडा टाकला, आणि मला फोन केला.

"काय दिसतं, ताई?"

"काळ्या खिडकीत इंग्रजी आलं, सर. जावा डॉट नेट डॉट अननोन होस्ट एक्सेप्शन. मंग दोन टिंबं."

"टिंबांच्या पुढे?"

"पुढं एक शब्द आहे जी."

"कोणता?"

"असाच आहे. त्याच्या खाली अजून वीसेक ओळी आहेत, थ्या वाचू काय?"

"वाचा."

तिने वाचल्या. एकेक अक्षर, एकेक टिंब, कुठे मोठं अक्षर कुठे लहान ते सांगत. मी लॉटच्या पावत्यांच्या पाठीमागे लिहून घेतल्या. वीस ओळी, चार पावत्या. ज्या एका शब्दात सगळं उत्तर होतं तो सोडून जगातलं सगळं माझ्याकडे आलं.

मी तो शब्द लावून का धरला नाही? कारण माझी खात्री होती की तिथे आकडा असणार. सर्व्हरचा आकडा मीच दिला होता, त्यामुळे न ओळखलेला असेल तर आकडाच. ती 'शब्द' म्हणते ते आकड्यालाच, असं मी मनात धरून बसलो. माझ्यासारखा माणूस एकदा काही मनात धरून बसला की त्याला उठवायला क्रेन लागते.

"ताई, आकडा चुकला असेल. मिटवा आणि पुन्हा टाका."

टाकला. तेच.

"पुन्हा टाका. सावकाश."

पुढच्या आठ-दहा दिवसांत तिने तो आकडा अकरा वेळा टाकला. शेवटी म्हणाली, "सर, आता तं थो आकडा माह्या पाठ झाला. भाजीवाल्यानं भाव इचारला तरी तोंडातून थोच निंगते."

मग मी बाकीच्या रोगांकडे वळलो. सर्व्हरपर्यंत रस्ता आहे का बघायला संगणकावरून चार हाका मारायला लावल्या. सर्व्हरने चारही हाकांना ओ दिली. दार उघडं आहे का ते बघितलं, दार उघडं. अँटिव्हायरस बंद केला. जावा काढून पुन्हा बसवला. केबल बदलली. संगणकाची दिशा बदलली. हे मी का सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही, पण तिने टेबल ओढून दक्षिणेकडचं पूर्वेकडे केलं. मग मला अर्थिंगचा संशय आला. म्हटलं, केंद्रामागे अर्थिंगचा खड्डा आहे, त्यात मीठ आणि कोळसा टाका, वर दोन बादल्या पाणी ओता.

संध्याकाळी फोन आला. "पाणी टाकलं, सर. एक्सेप्शन तसंच आहे. पण बाजूची जास्वंद खुश दिसून राह्यली."

खरं घडत होतं ते एवढंच. तिचा प्रोग्राम आकडा धरून सर्व्हरच्या दारात पोचत होता. सर्व्हर दार उघडून म्हणायचा, बरं झालं आलात, पुढचं सगळं बोलणं अमक्याशी करा. आणि स्वतःचं नाव सांगायचा. प्रोग्राम ते नाव घेऊन बोरी अरबच्या संगणकाला विचारायचा, हा अमका कुठे राहतो? तो संगणक म्हणायचा, नाही बुवा, या नावाचा कोणी माझ्या ओळखीत नाही. झालं, एररचा शेवटचा शब्द. बाभुळगाव आणि केळापूरच्या संगणकात इंजिनीअरने नावांच्या यादीत एक ओळ लिहून ठेवली होती: हे नाव म्हणजे हा आकडा. एक ओळ. मला सांगायचं त्याच्या डोक्यात आलं नाही, आणि विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. तोवर नवे मॅनेजरसाहेब रोज दारातून विचारू लागले होते, "बोरी अरब?" आणि मी म्हणायचो, "चालू आहे, साहेब." म्हणजे प्रयत्न चालू आहेत.

दसऱ्याच्या मीटिंगला आठवडा उरला तेव्हा ताई स्वतः सकाळच्या एसटीने यवतमाळला आली. पिशवीतून आखीव कागद काढून तिने माझ्या टेबलावर ठेवला. पूर्ण एरर सुवाच्य अक्षरात उतरवलेली. पहिल्या ओळीत दोन टिंबांच्या पुढे मात्र पट्टीने ओढलेली एक कोरी रेघ.

मी हसलो. "ताई, रिकाम्या जागा भरायच्या का?"

ती हसली नाही. मागे वळून कोणी आहे का बघितलं आणि म्हणाली, "तिथं नाव आहे, सर. आमच्या मामाजींचं. मी घेत नाई थे."

आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. आता बऱ्याच घेतात. ती घेत नसे. रेशन दुकानात तिने सासऱ्याचं नाव कसं सांगितलं असेल ते तीच जाणे. मला एवढंच आठवतं की ती कोरी रेघ मी बोटाने पुसायला बघत होतो.

"घेत नाही ते ठीक," मी म्हटलं, "पण लिहायला काय हरकत होती?"

"लिवलं असतं. पण त्याच्या आंधी अननोन लिवलं आहे. म्हंजे अनोळखी. तेहतीस वर्सं नोकरी केली त्याहिनं इथं, अन् मशीन म्हनते मी ओळखत नाई. हे मी माह्या हातानं लिहू?"

मी कागद पालथा घातला.

"घरी सांगतलं नाई मी. कळलं तं जेवाचे नाईत. मले त्याहिच्या ओळखीनं लावलं ना, म्हनून कोनं तरी मुद्दाम टाकलं असन मशीनमधी." मग माझ्याकडे अशा विश्वासाने बघून, की तो विश्वास अजून माझ्या मानेवर बसलेला आहे, "तुमी शोधून काढा सर, कोनं टाकलं थे."

मी म्हटलं, "शोधतो."

आणि त्याच क्षणी नवे साहेब आत आले. "काय, बोरी अरब? मंडळाला मी काय सांगू? मशीनचा दोष आहे की माणसाचा?"

मला उत्तर माहीत होतं. माणसाचा, आणि तो माणूस या खुर्चीत बसलाय. पण ते सांगायचं तर नाव सांगायला हवं होतं, नावामागची टवाळी सांगायला हवी होती, आणि ज्यांनी नोकरी दिली त्यांच्या कानावर ती जाणार होती. नाव बदलावं तर बाभुळगाव आणि केळापूर बंद पडणार. मी तोंड उघडलं, आणि त्यातून हे बाहेर पडलं:

"साहेब, ट्रेनिंगचा प्रश्न आहे."

ताईने माझ्याकडे बघितलं. कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली.

साहेब म्हणाले, "लेखी द्या."

दिलं. 'ऑपरेटरला संगणकाचे मूलभूत ज्ञान अपुरे असल्याने केंद्राची जोडणी होऊ शकली नाही. पाच दिवसांच्या प्रशिक्षणाची शिफारस.' एका दमात लिहिलं. एरवी रजेचा अर्ज लिहायला मला दोन दिवस लागतात.

शिकवणारा कोण? मीच.

पहिल्या दिवशी मी तिला माउस कसा धरायचा ते शिकवलं. जी बाई फोनवर ऐकून जावा काढून पुन्हा बसवते, तिला मी सांगत होतो, "हे डावं बटण. हे उजवं." तिने वहीत शीर्षक घालून लिहून घेतलं: 'डावे बटण, उजवे बटण.' दुसऱ्या दिवशी संगणक बंद कसा करायचा. मी चुकून एक पायरी विसरलो. तिने हळूच सांगितली. मी म्हटलं, "शाबास. तुमचं लक्ष आहे का ते बघत होतो."

तिसऱ्या दिवशी मी तिला एक पान टाइप करायला दिलं आणि दाढ दुखते म्हणून सांगून निघालो. दाताच्या डॉक्टरकडे नाही, बोरी अरबला. ती यवतमाळात आहे तोवर तिथे जाऊन, बाभुळगावच्या ऑपरेटरकडून फोनवर विचारून घेतलेली ती एक ओळ लिहून यायचं, म्हणजे कोणाला काही कळणार नाही, हा माझा बेत. खिशात लिंबू, पुढची सीट, डोळे मिटलेले. तरी एकदा उलटी झालीच. कंडक्टर म्हणाला, "काका, खिडकी सगळ्यांची आहे."

केंद्राला कुलूप. बाजूच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, "किल्ली तं म्हाताऱ्या साहेबापाशी असते. सून यवतमाळले गेली ना ट्रेनिंगले." हे मला कसं सुचलं नव्हतं, विचारू नका. मी परत फिरायच्या बेतात होतो, तेवढ्यात किल्ल्यांचा जुडगा वाजवत तेच आले.

"तू? इकडं कसा? सूनबाईले शिकोत होता ना?"

"मशीन तपासायला आलो, साहेब."

"तपास. मी बसतो इथं." खुर्ची माझ्या पाठीमागे ओढून ते बसले. "आधी मले सांग काय करून राह्यला, मंग हात लाव."

मी संगणक सुरू केला. पाठीमागून हलक्या आवाजात, जो मी त्यांच्या तोंडी कधी ऐकला नव्हता, "तिले खरंच येत नाई काय रे?"

"कोणाला?"

"सूनबाईले. घरी तं सगळं थेच करते. माह्या पेन्शनचं, पोराहिच्या शाळेचं, बँकेचं. मी संघात शब्द टाकला, हिले लावा म्हनून. येत नसन तं तसं सांग, मी नाराज नाई होत. पन मले खरं सांग."

या ठिकाणी जगातला कोणताही सरळ माणूस मागे वळला असता. मी स्क्रीनकडे बघत म्हणालो, "येतं, साहेब. थोडं राहिलंय."

मग नावांची यादी उघडली. आकडा टाकला. जागा सोडली. आणि नाव टाइप करताना डाव्या हाताचा पंजा स्क्रीनवर आडवा धरला, जसं पोरं पेपरात करतात.

"हात काढ."

"ऊन येतं, साहेब, स्क्रीनवर."

"खिडकी बंद आहे. हात काढ."

काढला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुढे वाकले आणि एकेक इंग्रजी अक्षर बोटाने मोजत वाचलं.

"हे तं माहं नाव होय."

मी माउस हलवत राहिलो.

"होय ना?"

"हो."

"इथं कायले?"

"साहेब, यवतमाळच्या मुख्य मशीनला तुमचं नाव दिलंय." इतक्या दिवसांत मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. फार मोकळं वाटलं. पुढच्या प्रश्नापर्यंत.

"कोनं देलं?"

"संघानं."

त्यांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "मले सांगतलं नाई कोनं."

"सरप्राइज होतं, साहेब. सूनबाईंनाही एवढ्यात सांगू नका, मी आलो होतो हेही."

"हूं." त्यांनी पुन्हा अक्षरांवर बोट फिरवलं. "लहान अक्षरात काहून लिवलं पण?"

"मशीनला मोठी चालत नाहीत."

"अन् राव?"

"जागा कमी पडते."

"मशीनले रीतभात नाई," ते म्हणाले आणि चष्मा पुन्हा पुसायला घेतला. मी ओळ जतन केली, प्रोग्राम सुरू केला. काळ्या खिडकीत काही आलं नाही. लॉगिनची पाटी उघडली, स्वच्छ, हिरवी. म्हाताऱ्याने टाळी वाजवली. एकच, पण मोठी.

परतताना उलटीही झाली नाही. असल्या गोष्टींत शरीर फार बेशरम असतं. दाढदुखीचं मात्र पुढे दोन दिवस चालवावं लागलं. गालाला हात लावून मी ताईला ईमेल कसा उघडायचा ते शिकवलं. तिने घरून माझ्यासाठी मऊ खिचडी आणली आणि लवंगेचं तेल. मी दोन्ही घेतलं. तेल दुखत नसलेल्या दाढेला लावलं की काय होतं, ते कळायची वेळ मी कोणावरही आणू इच्छित नाही.

त्याच आठवड्यात जुने साहेब हार-नारळ घेऊन यवतमाळला आले, नमुना-खोलीत गेले, सर्व्हरला हार घातला आणि बाजूला उभं राहून फोटो काढवून घेतला. नवे साहेब गोंधळले, पण दोन संचालक तिथे होते आणि त्यांनी "वा, छान कल्पना" म्हटल्यावर नवे साहेब नम्रपणे म्हणाले, "माझ्या मनात होतंच." म्हणजे माझ्या टवाळीला आता मालकही मिळाला.

ताई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. "सर, मी उगीच संशय घेतला. अपमान म्हनत होती मी, अन् थो तं मान होता. माफ करा." माफी तिने मागितली. मी म्हटलं, "असू द्या."

तेव्हापासून सर्व्हर बंद पडला की बोरी अरबहून फोन यायचा, "सर, ते आज उठले नाईत." किंवा, "आज ते हळू चालून राह्यले." हळूहळू बाभुळगाव आणि केळापूरचे ऑपरेटरही तसंच बोलू लागले. संघात बाकी सगळ्या यंत्रांना शिव्या बसतात. या एकट्याला अहोजाहो. यंत्र दोनदा बदललं, नाव तेच ठेवावं लागलं.

हसायचं ते इथवर. बोरी अरब मीटिंगच्या तीन दिवस आधी जोडलं गेलं होतं, वेळ होता. मी नव्या साहेबांकडे जाऊन "आधीचा कागद चुकीचा होता" एवढं म्हणालो असतो तरी पुरे होतं. मी तसा कागद लिहिलाही, खिशात घातला, साहेबांच्या दारापर्यंत गेलो. ते फोनवर होते. मी परत आलो आणि पुन्हा गेलो नाही. मंडळासमोर माझी पहिली ओळ गेली, म्हणजे कागदावर बोरी अरब जोडलेलं नव्हतंच. बाभुळगावचा आणि केळापूरचा असे दोघं कायम झाले. ताईच्या नावापुढे शेरा पडला, 'प्रशिक्षण नुकतेच झाले आहे. पुढील वेळी विचार व्हावा.' ती पुढची वेळ दोन वर्षांनी आली.

जुने साहेब गेल्या साली गेले. तो हार घातलेला फोटो त्यांच्या घरी लावलेला आहे. ताई आता मुख्य कार्यालयात, माझ्या शेजारच्या खोलीत बसते. संघातल्या कोणाहीपेक्षा जास्त तिला येतं, मलाही अडलं की मी तिलाच विचारतो. कोणी नवीन आलं की ती सांगते, "मले सरांनी शिकवलं." थट्टा नाही, मनापासून सांगते. ते ऐकू आलं की मी कपाटात काहीतरी शोधायला लागतो.

आता माझ्या हाताखाली सहायकाची जागा निघाली आहे. सेवाज्येष्ठतेने भरायची म्हणतात. यादीत बाभुळगावचा आणि केळापूरचा दोघं तिच्या दोन वर्षं पुढे आहेत, आणि तिच्या फाईलमध्ये माझ्या सहीची ती ओळ तशीच आहे. मंडळाने ती ओळ रद्द केली तर तिची ज्येष्ठता मागे जाऊन धरता येते. मी नियम वाचून बघितला आहे. त्यासाठी ती ओळ लिहिणाऱ्याने लेखी द्यावं लागतं.

ती ओळ खोटी होती, चूक माझी होती आणि यंत्राला ते नाव मीच, चेष्टेने, दिलं होतं, हे मी मंडळाला लेखी आणि ताईला तोंडी सांगणं लागतो. मंडळाला अजून दिलेलं नाही. ताईला अजून सांगितलेलं नाही.